खोकं जाताना मिळतं, येताना नाही: साताऱ्याहून लेहला गेलेल्या दोन सायकलींचं प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यातले एक निवृत्त बँक कर्मचारी, वय 61, आणि त्यांची पुण्यात नोकरी करणारी पुतणी, वय 29. नावं देत नाही. आमच्या सायकलच्या ग्रुपमध्ये काकांना सगळे अण्णाच म्हणतात, तेच इथे चालवतो. दोघांनी ठरवलं की गणपती विसर्जन झालं की मनाली ते लेह सायकलने जायचं. तयारी वर्षभर चालली होती. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट आठवड्यातून दोनदा, महिन्यातून एकदा मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर. पायांचा प्रश्न नव्हता.

मी या दोघांच्या ग्रुपमधला. पाना-पक्कड हातात धरायची आवड आहे, म्हणून रविवारी माझ्या गॅरेजात चार-दोन सायकली येऊन पडतात. या दोन्ही सायकलींची बांधाबांधही तिथेच झाली. त्यामुळे पुढे ज्या चुका सांगणार आहे, त्यातल्या काहींमध्ये माझाही हात आहे.

अण्णांची सायकल साधी हायब्रिड: मागे कॅरिअर, क्विक रिलीजची, म्हणजे खटका फिरवून निघणारी चाकं, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. पुतणीची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल: थ्रू अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड दांडा) आणि तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

अडचण

वरवर पाहता प्रश्न एकच होता: सायकल साताऱ्याहून मनालीला कशी न्यायची? आम्ही तीन बैठका याच प्रश्नावर घालवल्या. लेहहून परत कशी आणायची, यावर तिसऱ्या बैठकीच्या शेवटी, चहा संपल्यावर, दोन मिनिटं बोललो. "तिथं मिळेल की खोकं, लेह काय खेडं आहे का," असं अण्णा म्हणाले आणि आम्ही उठलो. या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय तोच. तो निर्णय आहे हेसुद्धा तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

समोर असलेले पर्याय

मनालीत सायकल भाड्याने मिळते. हा पर्याय पुतणीला चालला असता, अण्णांना नाही. त्यांची उंची पाच फूट तीन इंच. भाड्याच्या सायकलींत छोट्या मापाची फ्रेम हमखास मिळेल याचा भरवसा नाही, आणि मोठ्या फ्रेमवर दहा दिवस वाकून बसलं की आधी कंबर बोलते आणि मग गुडघा. घाटात सवयीची सायकल हवी, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं.

दुसरा पर्याय रेल्वे. साताऱ्यावरून गोवा एक्सप्रेस थेट दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनला जाते. सायकल ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, सामान म्हणून बुक करता येते. हा स्वस्त मार्ग. पण पुतणीची रजा मोजून सोळा दिवसांची होती आणि त्यातले जाण्यायेण्याचे चार दिवस गाडीत घालवायची तिची तयारी नव्हती.

तिसरा, कुरिअर किंवा ट्रान्सपोर्टने सायकल आधी पाठवणं. इथे बऱ्याच जणांची फसगत होते, कारण सायकलचं वजन कमी असतं पण खोकं मोठं असतं. हवाईमार्गाने पाठवणारे आणि कुरिअरवाले खऱ्या वजनाऐवजी आकारमानावरून काढलेलं वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000 ने भागायची, हा कुरिअरचा नेहमीचा हिशेब. आमचं खोकं 140 बाय 78 बाय 22 होतं. उत्तर येतं 48 किलो. आत सायकल पंधरा किलोची! पर्याय तिथेच बाद झाला.

राहिलं विमान. पुणे ते दिल्ली थेट विमान, तिथून रात्रीच्या बसने मनाली. दिल्लीहून कुलूजवळच्या भुंतरपर्यंतही विमान जातं, पण ते छोटं एटीआर. धावपट्टी आखूड आणि वजनाची बंधनं कडक, म्हणून तो विचार सोडला. विमान बदलावं लागेल असं तिकीट घ्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. विमान जितक्या वेळा बदलेल तितक्या वेळा खोकं नव्या हातांत जातं.

विमान कंपनीचे नियम पुतणीने फोनवर न विचारता ई-मेलने विचारले. फोनवरचं उत्तर काउंटरवर दाखवता येत नाही. सायकल चालेल का, खोक्याचं कमाल माप किती, एका नगाचं कमाल वजन किती, आगाऊ पैसे भरले तर सवलत किती, चार ओळींचे चार प्रश्न. उत्तर दोन दिवसांनी आलं, त्याची छापील प्रत तिने पासपोर्टसारखी जपली. देशांतर्गत प्रवासात साधारण 15 किलो सामान तिकिटातच असतं. त्यावरचं वजन घरबसल्या आगाऊ घेतलं तर स्वस्त पडतं, काउंटरवर घेतलं तर खिसा रिकामा होतो. शिवाय कितीही पैसे भरले तरी एक नग 32 किलोच्या वर नेत नाहीत, कारण तो शेवटी माणसालाच उचलायचा असतो.

बांधाबांध

पोवई नाक्याजवळच्या एका सायकल दुकानातून दोन रिकामी खोकी मिळाली. नवी सायकल ज्यात येते तीच ही खोकी. दुकानदार ती रद्दीत घालतो. आठवडाभर आधी सांगून ठेवलं तर फुकट देतो आणि सोबत प्लॅस्टिकचे छोटे तुकडेही देतो, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्यातला एक तुकडा पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये अडकवायचा असतो. तो नसेल तर खोक्यावर वजन पडल्यावर फोर्कची टोकं आत दबतात आणि मग चाक बसत नाही. पुतणीच्या सायकलला तो तुकडा बसेना, कारण थ्रू अ‍ॅक्सल जाड असतो. तिथे आम्ही तिचा अ‍ॅक्सलच परत लावून टाकला. उपाय तोच, सामान तिचंच.

पेडल काढताना नेहमीचा गोंधळ झाला. डाव्या पेडलची आटी उलटी असते, हे माहीत असूनही अण्णांनी आधी आवळलंच. मी एक खूण सांगतो: पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या मागच्या चाकाकडे ओढायचा. दोन्ही पेडल त्याच दिशेने सुटतात, डावं-उजवं आठवत बसावं लागत नाही. सीटपोस्ट खाली घालण्यापूर्वी त्यावर सेलोटेपने खूण केली, हँडलबार सोडवून फ्रेमला समांतर बांधला, डिस्कचे रोटर काढून पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांमध्ये ठेवले. पुतणीच्या हायड्रॉलिक ब्रेकच्या पॅडमध्ये घडी घातलेला पुठ्ठा कोंबला. रोटर नसताना चुकून जरी लीव्हर दाबला गेला तरी पॅड एकमेकांना चिकटतात, आणि मनालीत ते उघडत बसायला कुणाकडे वेळ असतो?

आता वादाचा मुद्दा. गिअर बदलताना साखळी मागच्या एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर, म्हणजे आपण ज्याला आरडी म्हणतो, तो फ्रेमच्या बाहेर लोंबत असतो आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक तुकड्यावर तो बसतो, तो हँगर मुद्दामच नाजूक केलेला असतो. मार बसला तर हँगर वाकावा, फ्रेम वाचावी, हा त्यामागचा विचार. पुतणीने आरडी सोडवला, बबल रॅपमध्ये गुंडाळला आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या दांडीच्या, म्हणजे चेनस्टेच्या, आत झिप टायने बांधला. अण्णांनी काढू दिला नाही. "एकदा सेटिंग बसलंय, त्याला हात लावायचा नाही." आरडी सोडवल्याने गिअरचं सेटिंग बिघडत नाही, बोल्ट एकच असतो आणि केबलला हात लावावा लागत नाही, हे मी सांगितलं. पण माझ्या आवाजात जोर नव्हता. वयाने मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा सांगायचं टाळलं. गिअर सगळ्यात मोठ्या चकतीवर आणून आरडी जेवढा आत घेता येईल तेवढा घेतला आणि बाहेरून पुठ्ठ्याचं एक पन्हाळीसारखं कवच लावलं. कवच चांगलं होतं. जागेवर असेपर्यंत.

टायरच्या हवेवरूनही पाऊण तास गेला. विमानात टायर फुटतो, ही समजूत इतकी घट्ट आहे की विमान कंपन्याही हवा काढायला सांगतात. सामानाच्या कप्प्यात दाब केबिनइतकाच असतो, म्हणजे फार तर आठ हजार फुटांवरच्या हवेइतका. साताऱ्यात 50 पीएसआय भरलेला टायर तिथे दोन-अडीच पीएसआयने जास्त दाखवेल, एवढंच. गंमत अशी की तोच टायर तसाच टंगलांग ला खिंडीत, 5,328 मीटरवर नेला तर त्याहून जास्त, सहाच्या आसपास पीएसआयचा फरक पडतो, आणि तिथे कुणी हवा काढून चालत नाही. तरीही आम्ही हवा निम्मी केली, नियम आहे म्हणून. पूर्ण काढली नाही, कारण खोकं आपटलं तर रिमला टायरचा आधार हवा.

वजन करायला नव्या काट्याची गरज नाही. घरच्या वजनकाट्यावर आधी माणूस, मग खोकं धरलेला माणूस, वजाबाकी करायची. अण्णांचं खोकं 24 किलो भरलं. त्यातून दीड किलो कंदी पेढे निघाले. "मनालीत कुणाला तरी द्यायला." अर्धा किलो ठेवले, बाकीचे आम्ही गॅरेजात संपवले.

विमानतळावर

शेजाऱ्याचा छोटा हत्ती ठरवला. भुईंजच्या आसपास पावसाने गाठलं. ताडपत्री होती, पण खालून पाणी आलं आणि अण्णांच्या खोक्याचा एक कोपरा मऊ पडला. खंबाटकीच्या बोगद्याच्या तोंडाशी गाडी बाजूला घेऊन त्यावर प्लॅस्टिक चिकटवलं. लोहगावला पोचलो तेव्हा विमानाला तीन तास होते. हे तीन तास पुरेसे वाटतात, पण मोठं खोकं नेहमीच्या पट्ट्यावर जात नाही, त्याला वेगळी जागा, वेगळं एक्स-रे यंत्र आणि तिथला माणूस बोलवावा लागतो.

काउंटरवर ई-मेलची प्रत कामाला आली. दोन्ही खोक्यांवर 'लिमिटेड रिलीज'चा टॅग लागला आणि सह्या घेतल्या गेल्या. या सहीचा अर्थ असा की पॅकिंग पुरेसं नाही असं कंपनीचं म्हणणं आहे आणि नुकसान झालं तर जबाबदारी बरीचशी तुमची. सही नाकारली तर सायकल जात नाही, म्हणून सगळेच करतात. करताना वाचलेलं बरं, एवढंच.

पुतणीचं खोकं गेलं. अण्णांचं अडलं. दहा मिनिटांनी त्यांच्या नावाने पुकारा झाला.

"काका, पॉवर बँक कुठंय?"

"खोक्यात टाकलीय की. हातातल्या पिशवीचं वजन वाढत होतं."

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या सामानातच न्यायच्या, हा नियम कुठल्याही विमान कंपनीचा असो, सारखाच. कारण साधं आहे: केबिनमध्ये धूर निघाला तर कुणीतरी बघतं, खालच्या कप्प्यात कोण बघणार? ट्यूब झटक्यात भरायच्या त्या छोट्या गॅसच्या नळकांड्याही मी आधीच काढायला लावल्या होत्या, हातपंप दिला होता. पॉवर बँक मात्र मी विचारली नाही.

खोकं अण्णांच्याच समोर उघडलं गेलं. पॉवर बँक पॅनिअरच्या, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या पिशवीच्या, तळाशी होती आणि पॅनिअर मागच्या चाकाशी कोंबलेलं. ते ओढून काढताना आरडीवरचं पुठ्ठ्याचं कवच निघालं. परत बंद करायला सेलोटेप हवा होता. सेलोटेपचं भेंडोळं पुतणीच्या खोक्यात होतं, आणि ते खोकं कधीच आत गेलं होतं. तिथल्या एका माणसाने जवळची चिकटपट्टी दिली, तिचेच दोन वेढे मारले. कवच परत लावलं की नाही, हे अण्णांना आठवत नाही. मला वाटतं, नसावं.

दिल्ली, आणि न घेतलेला निर्णय

दिल्लीला विमान सकाळी अकराला उतरलं. मनालीची बस संध्याकाळी साडेसहाला, मजनू का टिल्याहून. मध्ये सात तास. पट्ट्याजवळ दोन्ही खोकी आली, अण्णांच्या खोक्याचा ओला कोपरा फाटलेला. उघडून बघावं का?

दोघांनी बघितलं नाही. कारणं समजण्यासारखी होती: उघडलं तर परत बांधणार कोण, सेलोटेप थोडा उरलेला, आणि बाहेरून फ्रेम ठीक दिसत होती. पण सामानाचं नुकसान झालं असेल तर त्याची लेखी नोंद विमानतळ सोडण्यापूर्वी, पट्ट्याजवळच्या काउंटरवर करायची असते. एकदा बाहेर पडलं की नुकसान विमानात झालं की बसच्या डिकीत, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. आंतरराष्ट्रीय करारात लेखी तक्रारीला सात दिवसांची मुदत आहे, पण तिचा उपयोग पुरावा असेल तर. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईची मर्यादा प्रवाशामागे 20,000 रुपये आहे, तेव्हा खूप काही मिळालं असतं असंही नाही. फायदा दुसराच होता. दिल्लीत सायकलची मोठी बाजारपेठ आहे आणि हातात सात तास होते. वाकलेला हँगर तिथे कळला असता तर नवा मिळण्याची शक्यता होती.

मनालीत खोकं उघडल्यावर

हँगर आत वाकला होता. फार नाही, बोटभरही नाही. पण तेवढ्यानेच आरडी सगळ्यात मोठ्या चकतीवर गेला की चाकाच्या आऱ्यांना घासत होता. घाट चढताना हाच गिअर लागतो. तो घसरून आऱ्यांत गेला तर आरडी, चाक आणि सहल, तिन्ही एकदम संपतात.

जादा हँगर नव्हता. हँगर कंपनीनुसार, मॉडेलनुसार वेगळा असतो, दुसऱ्या सायकलचा चालत नाही. मला रात्री फोन आला. मी एक जुनी युक्ती सांगितली. आरडीचा बोल्ट ज्या आटीत बसतो ती 10 मिलिमीटरची बारीक आटी, आणि साध्या क्विक रिलीजच्या मागच्या चाकाचा अ‍ॅक्सलही त्याच आटीचा. एखादं जुनं चाक घेऊन त्याचा अ‍ॅक्सल हँगरमध्ये फिरवायचा. आता सायकलला दोन चाकं शेजारी शेजारी लागलेली दिसतात. दोन्ही रिम सगळीकडून समांतर येईपर्यंत जुनं चाक हळू ढकलायचं. ढकलायचं म्हणजे एका दमात. मागे-पुढे, मागे-पुढे केलं की अ‍ॅल्युमिनियम थकतं आणि तुटतं.

मनालीतल्या एका सायकल भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात तसं चाक होतं. त्याला ही युक्ती माहीत होती, माझ्यापेक्षा चांगली. वीस मिनिटांत काम झालं. पैसे घेईना, म्हणून अण्णांनी उरलेले पेढे दिले. पुतणीची सायकल तोवर जोडून तयार होती. आरडी लावायला तिला चार मिनिटं लागली.

एकदा सरळ केलेला हँगर पुन्हा वाकला तर बहुधा तुटतो. त्यामुळे पुढचे नऊ दिवस अण्णांनी सगळ्यात मोठी चकती वापरली नाही. रोहतांग, बारालाचा ला, लाचुलुंग ला, टंगलांग ला, सगळं एक गिअर कमी घेऊन. त्या प्रवासाबद्दल ते तासन्तास बोलतील. इथे एवढंच की दोघं लेहला पोचले, सायकलीही पोचल्या.

आणि खोकी? ती मनालीतच राहिली. सायकलवर 140 सेंटिमीटरचं खोकं बांधून रोहतांग चढता येत नाही, हे आम्हाला साताऱ्यातच कळायला हरकत नव्हती.

परतीचा प्रश्न

लेहमध्ये पोचल्यावर परतीच्या विमानाला दोन दिवस होते. चार सायकल दुकानं फिरून झाली. नव्या सायकली तिथे मोसमाच्या सुरुवातीला येतात, खोकी तेव्हाच जातात. सप्टेंबरअखेर एकही खोकं नाही.

त्यात लेहचं विमानतळ. समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटरवर. हवा विरळ, इंजिनाला आणि पंखांना जोर कमी मिळतो, ऊन चढलं की आणखी कमी. म्हणून बहुतेक विमानं सकाळीच उडतात आणि तरीही पूर्ण वजन घेऊन उडता येत नाही. वजन जास्त झालं की आधी काय खाली राहणार? प्रवासी नाही. मोठं, अडगळीचं, एकाच माणसाचं सामान.

इथे दोघांचे रस्ते वेगळे झाले, आणि मला वाटतं तिथे दोघांनीही बरोबर निर्णय घेतला.

पुतणीला सोमवारी कामावर जायचं होतं. तिने एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून टीव्हीची दोन खोकी मिळवली, कापून एकात एक सरकवली, मागचं चाकही काढलं म्हणजे लांबी कमी होईल. हवं ते सगळं, म्हणजे कपडे, कागदपत्रं, औषधं, तिने पाठीवरच्या पिशवीत घेतलं, खोक्यात फक्त सायकल. सायकल तिच्या विमानात चढली नाही. काउंटरवर तिला आधीच सांगितलं गेलं होतं की जागा नसेल तर पुढच्या विमानाने येईल, आणि तिने टॅगचा फोटो, खोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते आणि संपर्काचा पत्ता पुण्याचा दिला होता. तिसऱ्या दिवशी सायकल पुण्यात आली. एक मडगार्ड तडकलं होतं. तिने दोन दिवस बसने ऑफिस केलं.

अण्णांनी विमानाचं तिकीट रद्द केलं. निवृत्त माणसाकडे पैसे मोजके असतात, दिवस नाही. लेहहून मनालीला जाणाऱ्या शेअर जीपच्या टपावर सायकल बांधली, चालकाला जादा पैसे दिले. मनालीहून दिल्लीला बस. निजामुद्दीनच्या पार्सल ऑफिसबाहेर बसणाऱ्या माणसाकडून सायकल गोणपाटात शिवून घेतली. हँडलबार आडवाच, चाकं लागलेली. गोणपाटावर जाड अक्षरात 'सातारा' आणि अण्णांचा फोन. गाडी सुटण्याच्या चार-पाच तास आधी ही सगळी तयारी करावी लागते. साताऱ्याला थांबा जेमतेम काही मिनिटांचा. गाडी फलाटात शिरतानाच अण्णा दारात उभे होते, थांबताच ब्रेक व्हॅनकडे धावले, पावती दाखवली, सायकल उतरवून घेतली. एकसुद्धा ओरखडा नाही.

मला यात आश्चर्य वाटलं नाही. गोणपाटातली सायकल सायकलच दिसते. हमाल ती ढकलत नेतो, फार तर भिंतीला टेकवतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात काय आहे हे कुणाला दिसत नाही, म्हणून त्यावर इतर सामान चढतं. काही देशांत लोक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत सायकल विमानात देतात, ते याच कारणासाठी. आपल्याकडे मात्र तसं देऊ म्हटलं तर काउंटरवर अडवतील.

निष्पत्ती

दोन्ही सायकली घरी, दोन्ही माणसं घरी. खर्चाचा हिशेब पुतणीने मांडला: सायकली नेण्या-आणण्याचा खर्च, अण्णांचं रद्द झालेलं तिकीट धरून, मनालीत दोन सायकली भाड्याने घेतल्या असत्या त्यापेक्षा थोडा जास्तच. अण्णा हा हिशेब मानत नाहीत. "भाड्याच्या सायकलवर टंगलांग ला चढलो असतो, तर तो टंगलांग ला त्या दुकानदाराचा."

आता पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी परतीचं खोकं. दोन मार्ग मला दिसतात. एक, फिरून त्याच गावी येणारी सहल आखायची आणि खोकं हॉटेलात ठेवायचं. मनाली-लेहला ते जमत नाही, पण स्पितीच्या फेरीला जमतं. दुसरा, पॅडिंग असलेली सायकलची मऊ बॅग घ्यायची, जी घडी करून पुढच्या गावी बसने किंवा ओळखीच्या गाडीने पाठवता येते. महाग आहे. ग्रुपने मिळून एक घेतली तर परवडते, आमच्याकडे तो विषय सुरू आहे आणि नेहमीप्रमाणे बॅग कुणाच्या घरी राहील यावर अडला आहे.

आरडी काढायचा. यावर आता मी दुसऱ्यांदाही सांगेन, तिसऱ्यांदाही. आणि प्रत्येक सायकलमागे एक जादा हँगर, आपल्याच मॉडेलचा, घरी लावून बघितलेला. निघण्यापूर्वी सायकल आणि खोक्याचे तारखेसह फोटो. दिल्लीत उतरल्यावर खोक्याची फक्त मागची बाजू कापून आरडीकडे बघायचं, सगळं उघडायची गरज नसते. सेलोटेपचं भेंडोळं शेवटचं खोकं आत जाईपर्यंत हातात. बॅटरीचं जे जे काही असेल ते खोकं बंद करण्यापूर्वी टेबलावर मांडायचं आणि मोजायचं. सायकलचा मागचा दिवासुद्धा. विजेवर चालणारी सायकल असेल तर हा सगळा विचारच सोडून द्यावा, तिची बॅटरी प्रवासी विमानात नेताच येत नाही.

एका गोष्टीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही: सुरक्षा तपासणीत खोकं उघडावं लागणारच, असं धरून बांधावं का? तसं केलं तर आतल्या वस्तू वरून हाताला लागतील अशा ठेवाव्या लागतात आणि बांधणी सैल होते. पुतणी म्हणते, हो, तसंच बांधायचं, पॅनिअर वेगळ्या नगात. अण्णा म्हणतात, पॉवर बँक नसती तर खोकं उघडलंच नसतं. दोघांचंही खरं आहे.

परत आल्यावर अण्णांनी नवा हँगर मागवला, फोटोवरून. तो आला, दोन भोकांमधलं अंतर जुळेना, परत पाठवला. दुसरा यायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात त्याच वाकवून सरळ केलेल्या हँगरवर ते यवतेश्वर चढत राहिले, सगळ्यात मोठी चकती टाळून. नवा बसवायला सायकल माझ्याकडे आली तेव्हा जुना हँगर काढताना हातातच तुटला.